येसूच्या पदराच्या गाठी

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी येसू नावाची एक बाई राहायची. तिला ना मूल ना बाळ, जीव की प्राण एकच, तिची तांबू गाय. येसू कामाला चपळ, पण भारी विसरभोळी. काम आठवावं म्हणून ती पदराला गाठ मारायची. पीठ संपलं, मार गाठ. चूल सारवायचीय, मार गाठ. संध्याकाळी पदर गाठींनी भरलेला, आणि कुठली गाठ कशाची, ते बाईसाहेबांना आठवेल तर शपथ. हसू नका, तुमची दप्तरं पाहिलीत मी.

एक दिवस ऊन कलायला आलं. येसू गाठी चाचपत बसली होती. तेवढ्यात गाठींनाच कंटाळा आला आणि त्या चक्क बोलायला लागल्या. सगळ्या एकदम बरं का. "दळण!" "सारवण!" "सरपण!" येसूने कानांवर हात ठेवले.

मग एक बारकी गाठ रडत म्हणाली, "तांबू रानातच राहिलीय. आज ती विणार. आणि रानात वाघ आलाय."

येसू ताडकन उठली. "अगं बाई, आता आधी काय करू?"

"जे थांबणार नाही ते आधी," बारकी गाठ म्हणाली. "बाकीच्या बसतील गप्प."

मग ती गाठ मुठीत धरून येसू निघाली. वाटेत काळीभोर करवंदं दिसली. हात पुढे गेला, तशी गाठ टोचली. मग विहिरीवर शेजारची चंद्रा भेटली. "बस गं, गंमत सांगते." येसू टेकणार, तोच गाठ टोचली. "उद्या सांग," म्हणाली आणि निघाली. मग दिसली वाळक्या लाकडांची रास. हा मोह सगळ्यात मोठा, कारण सरपण हेही कामच. येसू वाकली. या वेळी गाठ टोचलीच नाही, गप्प राहिली. पण येसू स्वतःशीच म्हणाली, "हे थांबेल." आणि धावत सुटली.

जांभळीखाली तांबू उभी होती, पायाशी ओलंचिंब वासरू. लांबून डरकाळी ऐकू आली. येसूने वासरू खांद्यावर घेतलं, तांबू मागोमाग पळाली. घरात शिरून कडी लावली, मग कुठे येसूने ती गाठ सोडली आणि वासराला पोटाशी धरून खूप रडली.

तेव्हापासून ती एकच गाठ मारायची. ती सुटली की मगच दुसरी. तिघं सुखात राहिली, आणि गावाने पोटभर खरवस खाल्ला.

आता तुमच्या गोधडीच्या कोपऱ्याला मी एकच गाठ मारते. डोळे मिटायची. सकाळी उठून सोडा.