टुण्याची कोलांटी

एका गच्चीवर एक नाकतोडा राहायचा. एवढुस्सा. नाव टुण्या. त्याचा एक मोठा पाय सरड्याने नेला होता. बाकीचे नाकतोडे टुणुक टुणुक उड्या मारत. हा बिचारा टुण, धप्. टुण, धप्.

पण त्या घरातल्या छोट्या तनूकडे एक खेळण्यातलं विमान होतं. पंखांवर पंख, दोन मजली. रबराला पीळ दिला की उडायचं. टुण्या त्यात बसायचा. विमान वर जायचं, उलटं व्हायचं, गोल फिरून यायचं. झाली टुण्याची कोलांटी.

आज विमान भिंतीवर आपटलं. खट्ट. कोलांटी गेली. टुण्याला फार वाईट वाटलं. पाय नाही, आता कोलांटीही नाही.

गेला विमानाकडे. टुण, धप्. टुण, धप्.

"विमानदादा, विमानदादा, उड ना. मला कोलांटी मिळेना."

विमान म्हणालं, "मी नाही उडणार. वरचा पंख पुढून खाली बसलाय. माझं नाक खालीच जातं. आधी त्याला उठव."

गेला पंखाकडे. टुण, धप्. टुण, धप्.

"पंखकाका, पंखकाका, पुढून उठा ना. विमान उडेना, मला कोलांटी मिळेना."

पंख म्हणाला, "मी नाही उठणार. मला टेकू नाही. आधी त्या बाजूला पडलेल्या काडीला माझ्याखाली पुढून शिरायला सांग."

गेला काडीकडे. टुण, धप्. टुण, धप्.

"काडीताई, काडीताई, शिर ना. पंख उठेना, विमान उडेना, मला कोलांटी मिळेना."

काडी म्हणाली, "मी नाही शिरणार. दोऱ्याने पंख विमानाला घट्ट आवळलाय. आधी त्याला सैल कर."

गेला दोऱ्याकडे. टुण, धप्. टुण, धप्.

"दोरेमामा, दोरेमामा, सुटा ना. काडी शिरेना, पंख उठेना, विमान उडेना, मला कोलांटी मिळेना."

दोरा म्हणाला, "मी नाही सुटणार. गाठ तनूची. तिलाच सांग."

तनू पाण्याच्या टाकीमागे बसली होती. गुडघ्यांत तोंड घालून.

"तनूताई, तनूताई, गाठ सोड ना. दोरा सुटेना, काडी शिरेना, पंख उठेना, विमान उडेना, मला कोलांटी मिळेना."

तनू म्हणाली, "मी नाही सोडणार. माझ्याच हातून आपटलं ते. मला काही जमत नाही."

आता कोणाकडे जाणार? पुढे कोणीच नव्हतं. टुण्या निघाला. टुण, धप्. नाकावर पडला. उठला. टुण, धप्. परत पडला. परत उठला.

तनू बघत राहिली.

"तू रोज असाच पडतोस?"

"रोज."

"मग?"

"मग उठतो."

तनूने नाक पुसलं. तनू उठली.

तनूने गाठ सोडली. दोरा सुटला. काडी शिरली. पंख उठला. दोरा पुन्हा बांधला, रबराला पीळ दिला. विमान उडालं. पण काडी होती जाड. नाक फारच वर गेलं, विमान थबकलं आणि धप्.

"पडलं," तनू म्हणाली. तिचे डोळे भरले.

"मग उठव," टुण्या म्हणाला.

तनूने काडी तासली. खर्र खर्र. थोडीशीच. पुन्हा दोरा सुटला, काडी शिरली, पंख उठला, गाठ बसली. टुण्या आत बसला.

भिर्रर्र. विमान वर गेलं. उलटं झालं. टुण्याचं डोकं खाली, पाचही पाय आभाळात. गोल फिरून विमान अलगद उतरलं.

मिळाली कोलांटी, ज्याची त्याला.

पाय काही परत आला नाही. टुण्या घरी निघाला. टुण, धप्. टुण, धप्. पडला, उठला, घरी पोचला. झाली गोष्ट.