हौदावरचं दगडी गाढव

जनावरं स्वतःची नगरं वसवायची, त्या काळची ही गोष्ट. एका नगराच्या मधोमध दगडी हौद होता. जो जास्त थकला असेल त्यानं तिथे आधी पाणी प्यायचं, अशी रीत होती.

नगरप्रमुख मोराच्या मनात आलं, इथे परदेशी पाहुण्यांच्या परिषदा भरवाव्यात. सभागृहाचे दगड भुरी गाढविणीनं वाहिले. "आपल्याच चौकाची शोभा वाढतेय," असं ती सगळ्यांना सांगायची. सभागृह उभं राहिलं आणि हौदाला कुंपण पडलं.

"भुरीबाई, नदीवर जा," पहारेकरी कुत्रा म्हणाला. "पाहुण्यांना घामाचा वास सोसत नाही."

"दगड वाहताना तुम्हाला बरा सोसला रे, मेल्या!"

परिषदेला करकोचे आले. "इथली जनावरं दिसत नाहीत कुठे?" त्यांनी विचारलं. मोरानं लगेच उरलेल्या दगडातून एक गाढव घडवून घेतलं आणि पाण्यात तोंड घातलेलं असं हौदावर बसवलं. पाहुणे कौतुकानं त्याच्या पाठीवरून पंख फिरवू लागले.

"फार गुणी आहे," मोर म्हणाला. "कधी तक्रार करत नाही."

कुंपणाबाहेर घसा कोरडा पडलेल्या भुरीनं ते ऐकलं आणि पाठ फिरवली. निघाली एकदाची नदीवर, असं मोराला वाटलं. पण लाथ मारण्याआधी गाढव पाठच फिरवतं.