एकही तक्रार नाही

"मग हो म्हणायला अडचण काय आहे, मॅडम?"

हेरंबने पुन्हा तेच विचारलं. आवाज अजून नम्र होता, पण तो नम्रपणा आता त्याला जड जात होता.

परळकर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. त्या आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथपाल. मे महिना, कूलर नुसता आवाज करणारा, आणि निवृत्ती तोंडावर आलेली. बाई दमल्या होत्या. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच दमलो होतो. कार्डांचे ड्रॉवर गेले, एक सिस्टिम आली, ती गेली, दुसरी आली. दर खेपेला कोणीतरी हुशार माणूस येतो आणि दर खेपेला सगळं पहिल्यापासून आम्ही भरत बसतो.

या खेपेचा हुशार माणूस म्हणजे हेरंब गोसावी. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात मॅडमचाच विद्यार्थी. बाहेर जाऊन मोठा झाला आणि आमचं भलं करायला परत आला.

त्यानं आणलेली चीज साधी नव्हती, हे मी कबूल करतो. विद्यापीठ वर्गणी भरून जी ई-जर्नल्स घेतं, त्यांचे करार, त्यांचे पासवर्ड, कोण काय वाचतं त्याची माहिती, सगळं एका पडद्यावर. आठवडाभर चाचणी म्हणून वाचकांना नव्या सिस्टिमवर वळवलं होतं. जुनी अजून आमच्या ऑफिसपुरती चालू होती. मॅडम हो म्हणाल्या की ती कायमची पुसायची. उद्या सकाळी कुलगुरूंच्या हस्ते उद्घाटन.

मॅडम हो म्हणत नव्हत्या.

"आठवडाभरात एकही तक्रार नाही," हेरंब म्हणाला. "एकही. जुन्या सिस्टिमला रोज फोन यायचे ना?"

"यायचे."

"मग?"

"फोन यायचे..." मॅडम म्हणाल्या आणि टेबलावरचा चष्मा उचलून पुसू लागल्या.

हेरंबने माझ्याकडे पाहिलं. मी नियतकालिक विभाग सांभाळतो, म्हणजे उरलासुरला. मी खिडकीबाहेर पाहिलं. गुरू आणि शिष्याच्या मध्ये पडायचं मला काय नडलंय?

एवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिलं.

चाळिशीची बाई. खांद्याला पिशवी, चेहरा उन्हानं रापलेला. आत यावं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

"ये रेश्मा," मॅडम म्हणाल्या. मग हेरंबला म्हणाल्या, "रेश्मा तडवी. यावलकडे आश्रमशाळेत शिकवते. केळीच्या खोडाच्या धाग्यावर पीएच.डी. करतेय."

"मॅडम, माझा पासवर्ड चालत नाहीये. आठ दिवस झाले," रेश्मा म्हणाली. "शनिवारी प्रबंध द्यायचाय. समितीनं सांगितलेले तीन-चार लेख राहिलेत. ते नाही जोडले तर प्रबंध घेणार नाहीत, आणि शनिवार गेला की नोंदणीच रद्द."

"अक्षरं बघा," हेरंब पटकन म्हणाला. "पहिलं अक्षर मोठं पाहिजे. बहुतेकांचं तिथंच चुकतं."

"मोठं टाकलं, छोटं टाकलं. भाच्याला बसवलं, त्यानंही टाकलं."

हेरंबने लॅपटॉपवर तिचं नाव शोधलं. एकदा, दोनदा. मग त्याचा चेहरा शांत झाला, उत्तर सापडलेल्या माणसाचा होतो तसा.

"तुमचं नावच नाही यात. तुमची पीएच.डी.ची मुदत संपलीय. पीएच.डी. विभागाकडून आलेल्या यादीत जे आहेत तेच आत. मुदतवाढ मंजूर झाली की नाव आपोआप येईल."

"मुदतवाढीचा अर्ज मार्चपासून तिथंच पडून आहे, सर. तोंडी सांगितलंय, प्रबंध शनिवारी आणा, घेतो."

"तोंडी सिस्टिमला कळत नाही."

हे तो उद्धटपणे म्हणाला नाही. पण मला राग आला. आमच्याकडे मॅडमचा नियम होता, प्रबंध हातात पडेपर्यंत विद्यार्थी आपला. अर्ज कुठल्या टेबलावर झोपलाय, ते आम्ही कधी विचारलं नाही.

मॅडमनी रेश्माला विचारलं, "नाव नाहीये, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. 'माहिती चुकीची आहे' एवढंच यायचं. मला वाटलं, माझंच चुकतंय."

"अहो, मग तक्रार करायची ना," हेरंब म्हणाला. "त्यासाठी वेगळं पान दिलंय."

"कुठं आहे ते?"

"सोपं आहे. लॉगिन केलं की उजव्या कोपऱ्यात..."

तो थांबला.

कूलरचा आवाज तेवढा येत राहिला. मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"तुमच्यासारखं आणखी कोणी आहे?" हेरंबने विचारलं. आता त्याचा आवाज खाली आला होता.

"मुदतवाढवाले आहेत की बरेच. आमच्या वंदनाताईंनी तर सोडूनच दिलं. त्या म्हणाल्या, रेश्मा, आता आपलं वय झालं, हे नवीन आपल्याला जमायचं नाही. मीही देणार होते सोडून. पण यावलहून बस थेट होती, म्हणून आले."

ऐकून मला वाईट वाटलं. वंदनाताईंना मी ओळखतो. दर महिन्याला डबा घेऊन यायच्या, दिवसभर वाचायच्या आणि जाताना आठवणीनं पंखा बंद करायच्या.

मॅडम उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आपल्या कॉम्प्युटरवर जुनी सिस्टिम उघडली, स्वतःचा पासवर्ड टाकला आणि खुर्ची मागे ओढली.

"बस इथं."

"मॅडम, तुमच्या खुर्चीवर?"

"बस गं. लेख काढ."

रेश्मा खुर्चीच्या अगदी कडेला बसली. मॅडम कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. हेरंबने पळत जाऊन माझ्या विभागातली खुर्ची आणली.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "बसूनच सगळी नोकरी गेली."

मग तोही बसला नाही. दोघं उभे, मधे रिकामी खुर्ची, आणि रेश्मा पडद्यात डोळे घालून एकेक लेख उतरवून घेतेय. मी चहा सांगितला. चहा आला, निवला, कोणी प्यायलं नाही.

चारच्या सुमारास लेख मिळाले. रेश्मानं पेनड्राइव्ह रुमालात बांधला, मॅडमच्या पाया पडायला वाकली. मॅडमनी तिला मधेच धरलं आणि म्हणाल्या, "बस चुकेल." ती गेली.

हेरंब कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला. गडी कामाला वाघ आहे, हे मान्य करायला हवं. पीएच.डी. विभागात स्वतः जाऊन आला, फोन केले, भांडलाही म्हणे कोणाशी तरी. ऑफिस बंद व्हायच्या वेळी तो मॅडमसमोर येऊन उभा राहिला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

"मॅडम, तक्रारीचं पान बाहेर आणलं. आता लॉगिन लागत नाही. अर्ज पडून असलेल्या सगळ्यांची नावं घातली. त्या वंदनाताईंचंसुद्धा."

"बरं केलंस."

"चूक झाली होती. दुरुस्त केली."

"हो."

मॅडम पर्समध्ये किल्ल्या शोधत होत्या. शोधता शोधता त्यांनी विचारलं, "वंदनाला कळवलंस?"

"सूचना टाकलीय ना सगळ्यांसाठी. मोठ्या अक्षरात. लॉगिन केलं की पहिली तीच दिसेल..."

मॅडमनी वर पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग यायलाही अंगात थोडा जोर लागतो.

हेरंबच्या काही लक्षात आलं नाही. दिवसभर राबलेला माणूस, त्याला फक्त एक शब्द हवा होता.

"आता तरी हो म्हणा, मॅडम. उद्या कुलगुरू येणार आहेत. जुनी पुसू का?"

"मला कशाला विचारतोस?"

"मग कोणाला विचारू?"

मॅडमना किल्ल्या सापडल्या. त्यांनी कूलर बंद केला.

"जे दारातूनच परत गेले... त्यांना."