पुस्तकातला महेश

"पण सर, नावं बदलायला तर तुम्हीच शिकवलंत ना?"

खरवंडीकर सरांनी मान हलवली. शिकवलं होतं खरं.

उदयन दातीर हा त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी, आता स्वतःच मोठा प्राध्यापक. मोबाइलवरच्या ॲपच्या हुकमावर घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोरांवर त्यानं जाडजूड ग्रंथ लिहिला होता. यंत्रच मुकादम झालं की माणसाचं काय होतं, हा विषय. ग्रंथ गाजला, चर्चासत्रं झाली, आता दुसरी आवृत्ती निघायची होती. तिला सरांचे चार शब्द हवेत म्हणून स्वारी वाईला आली, तर सरांनी चहा पुढे ठेवून भलतंच काढलं. नावांचं.

सर आता थकले, असं उदयनला वाटलं. त्यानं वर्गात सांगावं तसं समजावलं. ज्यांच्यावर अभ्यास केला त्यांना उद्या त्रास नको, म्हणून नाव बदलायचं, गाव बदलायचं. तिसऱ्या प्रकरणातला पोरगा काम करता करता गेला, त्याचं तर त्यानं सगळंच बदललं होतं. नाव महेश ठेवलं. सांगोल्याकडचा होता, त्याला खानदेशातला केला. एक बहीण होती, तिच्या जागी दोन भाऊ दिले.

"त्याची आईसुद्धा ओळखणार नाही, सर." जरा ऐटीतच म्हणाला.

"नाही ओळखलं..."

उदयनचा कप हातातच राहिला.

सुंदराबाई, त्या पोराची आई, गेल्याच आठवड्यात येऊन गेली होती. पुस्तकात सुरुवातीलाच सरांचं नाव आहे असं तिला कुणीतरी सांगितलं. तेवढ्यावर एसट्या बदलत बिचारीनं घर शोधलं. वाचता येत नाही. माझ्या बिरूचं ह्यात लिव्हलंय, तेवढं वाचून दावा, म्हणाली.

उदयनला तिचं अंगण आठवलं. बिरू गेल्यावर तो तिला भेटायला गेला होता. तुमचा बिरदेव माझ्या पुस्तकात राहील, असा शब्द देऊन आला होता.

आणखीही एक सांगून आला होता. गाडीवरून पडला तसाच गेला, काही कळलंसुद्धा नाही त्याला. आईच्या तोंडावर खरं बोलायची छाती झाली नाही. खरं पुस्तकात लिहिलं. पोर पुलाखाली किती तरी वेळ कण्हत पडलं होतं. खिशातला फोन उशीर झाला, उशीर झाला म्हणून वाजत होता, आणि शेवटी यंत्रानं त्याला गैरहजर ठरवून त्याचं काम बंद केलं.

"वाचलंत तुम्ही... तेही?"

"सगळं. महेश म्हणूनच वाचलं. तू लिहिलंस तसं."

बाई भिंतीला टेकून ऐकत होती. पोर कण्हतंय, इथवर सर आले आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. सरांना वाटलं, हिला कळलं.

"मग?"

"म्हणाली, गुरुजी, ह्या लेकराच्या आईला ह्ये कुनी सांगू नका."

...

मग ती पुढचं पान उलटायची वाट बघत बसली. बिरू अजून यायचा होता ना. प्रकरण संपलं, सरांनी पुस्तक मिटलं, तरी ती बसलेलीच. आन् माझा बिरू, असं तिनं विचारलं. शिकली-सवरलेली माणसं कामाच्या गडबडीत विसरतात, अशी तिनंच सरांची समजूत घातली आणि स्टँडवर गेली.

उदयनला रडू आवरेना. एवढा मोठा प्राध्यापक, पण सरांसमोर लहान पोरासारखा रडला. चूक झाली म्हणाला. दुसऱ्या आवृत्तीत खरं नाव घालतो, गावही घालतो, छापखान्यात आजच्या आज कळवतो, म्हणाला.

सरांनी पुस्तक उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घाल. पण या वेळी तिला तू वाचून दाखव."