शेपूट वर करून बसणारं पाखरू

फार जुन्या काळची गोष्ट आहे, बरं का! एका राज्यात एक म्हातारी होती. राज्यातल्या लहानसहान जिवांची नोंद ठेवणं हे तिचं काम. कुणी मेलेलं पाखरू, म्हणजे अळीचा होतो तो बारीक पतंग, आणून द्यावं, म्हातारीने ते मेणावर चिकटवून निरखावं आणि वहीत लिहावं. तिची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

एका साली राजाच्या कोठारातल्या ज्वारीला पाखरं लागली. राजाने वही मागवली. तिच्यात लिहिलं होतं, "कोठारातलं आणि बोरीच्या बनातलं करडं पाखरू एकच." झालं! राजाने हुकूम सोडला, "पाखरं तिथूनच येतात. चौथ्या दिवशी बन तोडा."

बनाकाठच्या वीस घरांचं पोट त्या बोरांवर होतं. आपल्या एका ओळीपायी त्यांच्या चुली विझणार, हे म्हातारीच्या ध्यानात आलं. ती उठली आणि आयुष्यात पहिल्यांदाच जिवंत पाखरं बघायला निघाली.

कोठारातली पाखरं भिंतीला चपटी बसली होती. बनातलं मात्र प्रत्येक पाखरू डोकं खाली, शेपूट वर! म्हातारीने टाळीच वाजवली. "अगं बाई, ही तर उलटी बसतात! मेलेलं पाखरू मला बसून कसं दाखवणार होतं?"

तिने बनातल्या पाखरांच्या अळ्या ज्वारीत ठेवल्या. दोन दिवस त्यांनी दाण्याला तोंड लावलं नाही. बोरीची पानं टाकताच मात्र फडशा! चौथ्या सकाळी म्हातारी दोन्हीकडची पाखरं दोन मडक्यांत घालून, वर मलमल बांधून दरबारात धावली.

"महाराज, माझी नोंद चुकली. पाखरं दोन जातींची आहेत."

राजा संतापला. "कालपर्यंत एक, आज दोन! आता तुझ्यावर विश्वास का ठेवू?"

"ठेवूच नका," म्हातारी म्हणाली. "खाली बसा आणि स्वतः बघा."

राजा गुडघ्यांवर बसला, मलमलीला नाक लावून पाहू लागला आणि एकदम ओरडला, "अरेच्चा! याचं शेपूट वर!" मग काय, प्रधानापासून भालदारापर्यंत सगळे मडक्यांभोवती गर्दी करू लागले.

घोडेस्वार बनाकडे सुटला. तोवर एक झाड पडलं होतं, बाकीचं बन वाचलं. म्हातारीने भर दरबारात जुनी ओळ खोडली आणि खाली दोन नव्या लिहिल्या. त्या दिवसापासून लोक तिच्या वहीवर पूर्वीपेक्षा जास्त भरवसा ठेवू लागले.

तात्पर्य: स्वतःची चूक जो चारचौघांत खोडतो, त्याच्याच शब्दावर विसंबावं.