देवीचा पहिला पाड

एका गावात दोन जावा शेजारी शेजारी राहत होत्या. त्यांच्या घरची रीत अशी, की नवी सून घरात आली की तिनं परसात आंब्याची एक कोय लावायची. थोरलीनं लावली. सात वर्षांनी धाकटी आली, तिनंही लावली. दोन झाडांच्या मध्ये फक्त एक काटेरी कुंपण होतं.

गावाचीही एक रीत होती. झाडावरच पिकून आपोआप गळणाऱ्या आंब्याला पाड म्हणतात. गावातला पहिला पाड देवीचा. तो देवी स्वतःच्या हातानं पाडते, असं सगळे मानत. म्हणून मानासाठी राखलेल्या झाडाची साधी कैरीसुद्धा तोपर्यंत कुणी तोडत नसे. ज्या बाईच्या झाडाचा पाड पहिला, ती जत्रेत देवीची पहिली ओटी भरी आणि बाकीच्या बायका तिच्या मागे उभ्या राहत.

सलग पाच वर्षं तो मान थोरलीला मिळाला होता. पाचही वर्षं धाकटी तिच्या मागे उभी राहिली होती, आणि थोरलीचा हिरवा शालू तिच्या डोळ्यांत खुपला होता.

यंदा धाकटीचं झाड पहिल्यांदाच फळांनी लगडलं. आता तरी आपली पाळी येईल, असं तिला वाटलं. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी उठली की ती कुंपणाशी जाई आणि जावेच्या झाडावरचे आंबे निरखी. कालच्यापेक्षा आज जास्त पिवळे दिसले, की तिला घास गोड लागत नसे.

एकदा थोरलीनं तिला तसं उभं पाहिलं.

"काय गं, काय बघतेस?"

"तुमचे आंबे बघते, जाऊबाई. यंदाही तुमचाच नंबर दिसतो."

थोरली हसली. "माझा कसला नंबर? देवीला ज्या झाडाचा हवा, त्या झाडाचा ती पाडेल. तू आपली पाणी घालत राहा."

'हिला बोलायला काय जातंय? पाच वेळा मान घेऊन झाला,' धाकटी मनात म्हणाली. त्याच दुपारी तिनं खालच्या फांदीवरचा एक मोठा आंबा तोडला आणि कणगीत पेंढ्याखाली दडवला.

पाचव्या दिवशी आंब्याची साल पिवळी झाली. धाकटीनं तो पदराखाली घेतला आणि देवळाची वाट धरली. ती थोडी पुढे गेली, तोच मागून थोरलीची हाक आली.

"अगं थांब! थांब जरा!"

'कळलं वाटतं हिला. आता जळतेय,' असं म्हणून धाकटीनं पावलं आणखी झपाझप टाकली. तिला फार बरं वाटलं.

देवळात गुरवानं आंबा हातात घेऊन विचारलं, "आपोआप पडला ना, सूनबाई?"

"हो, आज पहाटेच."

गुरवानं घंटा वाजवली. गाव जमलं. त्यानं देवीसमोर आंबा पाटावर ठेवून सुरी चालवली, आणि सुरी सरळ कोयीतून आरपार गेली. आत पांढरी, कोवळी कोय. लोणच्याच्या कैरीसारखी. पाडाच्या आंब्याची कोय अशी कधी कापली जात नाही, हे तिथल्या पोराबाळांनाही ठाऊक होतं.

गुरवानं हळूच सुरी खाली ठेवली. "सूनबाई, देवीच्या आधी तुमचा हात लागला. यंदा या झाडाला मान नाही."

धाकटीची मान खाली गेली. तेवढ्यात धापा टाकत थोरली आली. तिच्या ओंजळीत एक आंबा होता, देठाशी केशरी झालेला, घमघमणारा.

"किती हाका मारल्या गं तुला! तू देवळाकडे निघालीस आणि हा तुझ्या झाडाखाली पडला. शेंड्यावरचा आहे. पहिल्या मोहराचा."

धाकटीनं रोज कुंपणापलीकडे पाहिलं होतं. स्वतःच्या झाडाच्या शेंड्याकडे तिनं एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. तो आंबा हातात घेऊन ती सगळ्यांसमोर रडली.

"जाऊबाई, हा तुम्ही लपवला असता तर कुणाला कळलं असतं?"

"देवीनं तुला दिलेला मी कसा लपवू?" थोरली म्हणाली.

यंदाचा मान गेला तो गेलाच. चार दिवसांनी थोरलीच्या झाडाचा पाड पडला आणि पहिली ओटी तिनंच भरली. धाकटी मागे उभी होती. या वेळी थोरलीचा घसरलेला पदर तिनं नीट केला.

पुढच्या वर्षी कुंपणाच्या काट्यांत अडकलेला पहिला पाड धाकटीलाच दिसला. तो जावेच्या झाडाचा होता. तिनं तो अलगद काढला आणि हाक मारली, "जाऊबाई, या लवकर. तुमचा पडलाय."

तात्पर्य: देवानं आपल्यासाठी ठेवलेलं फळ त्याच्या वेळेला आपल्याच अंगणात पडतं. दुसऱ्याचं झाड बघत घाईनं तोडलं, तर हाती कच्चंच येतं.