रंगवलेली तुळई

रखमाजी सुभानजी धुमाळ, वय वर्षे त्रेसष्ट, या नावाचा एक गृहस्थ फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका गावी राहत असे. त्या काळच्या राजाचे नाव आज कोणाला ठाऊक नाही, आणि त्या गावाचे नावही आता कोणी सांगत नाही. रखमाजीच्या घराची गोष्ट मात्र अजून सांगितली जाते. ती लहानांनी आणि थोरांनी सारख्याच लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे.

घर कौलारू होते. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे गोठा. माजघरावर एक जाड तुळई आडवी टाकलेली होती आणि साऱ्या छपराचा भार तिने तोलून धरला होता.

एके दिवशी पागोटे अडकवण्यासाठी रखमाजी पाटावर चढला आणि त्या तुळईला खिळा ठोकू लागला. पण ठोकावे लागलेच नाही. भिजल्या मातीत काठी रुतावी, तसा खिळा नुसत्या अंगठ्याच्या दाबाने आत गेला. त्याने तो घाईघाईने उपसला. भोकातून माती सांडली, आणि मातीमागून पांढऱ्या वाळवीची रांग बाहेर आली. रखमाजीने लाकडाला कान लावला. आत, खूप आत, कुरकुर कुरकुर असा बारीक आवाज चालला होता.

वरून धडधाकट दिसणारी तुळई आतून पोकळ झाली होती.

त्या वर्षी राजाने डोंगरावर किल्ला बांधायला काढला होता, आणि पंचक्रोशीतले सारे सागवान तिकडे गेले होते. नवी तुळई मिळण्याची आशा नव्हती. उन्हाळा संपत आला होता. भिजलेल्या कौलांचा भार ही तुळई पेलणार नाही, हे रखमाजीने ओळखले.

“अगं, घर विकायचं,” तो आपली बायको सगुणा हिला म्हणाला. “पाऊस पडायच्या आत विकायचं आणि लेकीच्या गावी जाऊन राहायचं.”

“आणि घेणाऱ्याला काय सांगायचं?”

“विचारलं तर सांगू.”

“आणि नाही विचारलं तर?”

रखमाजी वर तुळईकडे पाहू लागला. हे घर विकले गेले नाही, तर उतारवयात दोघांच्याही डोक्यावर छप्पर राहणार नव्हते. त्याला दुसरे काही सुचत नव्हते.

त्या दिवसापासून तो स्वतःच्या घरात ताठ चालेनासा झाला. माजघर ओलांडताना त्याची मान आपोआप खाली जाई. दोघांनी आपली अंथरुणे ओसरीवर आणली. जेवणाचे पाट चुलीजवळ सरकले. वारा सुटला, कौल वाजले, मांजराने वरून उडी मारली, की दोघेही घास हातात धरून वर पाहत.

परंतु घेणाऱ्याचा डोळा आधी भुलतो आणि विचार मागाहून येतो, हे रखमाजीला चांगले ठाऊक होते. म्हणून त्याने घर सजवायला घेतले.

भिंतींना चुना दिला. जमीन दोनदा सारवली. शेजाऱ्यांकडून पितळेची भांडी उसनी आणून, चिंचेने घासून फळीवर मांडली. अंघोळीचे मोठे घंगाळ दारातून दिसेल असे ठेवले. कणगीत खाली भुसा भरला आणि वर चार बोटे जाड थर जोंधळ्याचा पसरला. दुसऱ्या आळीतली सवत्स गाय आणून गोठ्यात बांधली. घर पाहायला कोणी यायचे असले, की सगुणेने चुलीवर लोणी कढवत ठेवावे, म्हणजे उंबऱ्यातच तुपाचा वास येईल, असेही त्याने तिला बजावले.

“अहो, घर सजवताय की झाकताय?” सगुणेने विचारले.

“तू लोणी कढव,” तो म्हणाला.

शेवटी राहिली तुळई. रखमाजीने तिची भोके मळलेल्या मातीने लिंपली, वरून गेरूचे हात दिले. पण ताजा गेरू डोळ्यांत भरू लागला. संशय येऊ नये म्हणून त्याने तुळईवर आंब्याचे टहाळे बांधले आणि मोगऱ्याच्या माळा सोडल्या. आता ती तुळई एखाद्या देवळाच्या तोरणासारखी शोभू लागली.

त्या तुळईवर एक पाल राहत असे. माळा बांधताना रखमाजीला ती भिंतीवरून खाली उतरताना दिसली. त्या काळी पाली नुसत्या चुकचुकत नसत, बोलतही असत.

“कुठे चाललीस?” रखमाजीने विचारले.

“गोठ्यात. यंदा अंडी तिकडच्या दगडी भिंतीत घातली आहेत.”

“इतकी वर्षं इथे घालत होतीस. यंदाच का?”

“तू इतकी वर्षं तुळई रंगवली नाहीस. यंदाच का, हे मी विचारलं का?” पाल म्हणाली, आणि दाराच्या फटीतून निघून गेली.

तरी रखमाजीने शेवटची माळ बांधलीच.

आता त्या गावची एक रीत सांगितली पाहिजे. घेणाऱ्याच्या घरात तान्हे मूल असेल, तर सौदा ठरण्याआधी त्या घरात पाळणा टांगत. पाळणा मुलाच्या आत्याने बांधायचा आणि पहिला झोका घर विकणाऱ्याने द्यायचा. मूल न रडता निजले, की घर पसंत. ही रीत रखमाजी विसरला नव्हता. त्याने ओसरीच्या आढ्याला, जेथे लाकूड पक्के होते, लोखंडी कडी बसवून ठेवली होती. कोणी पाळणा आणलाच तर तेथे बांधू, असा त्याचा बेत होता.

आणि पाळणा आला. घाटापलीकडून एक विणकर घर पाहायला आला. बरोबर त्याची बायको होती, तिच्या कडेवर चार महिन्यांची मुलगी होती, आणि विणकराची थोरली बहीण पाळणा डोक्यावर घेऊन सर्वांच्या पुढे चालत होती. ती मुलीची आत्या. तिचा आवाज वेशीपासून ऐकू येत होता.

“अगंबाई, तुपाचा काय घमघमाट!” ती उंबऱ्यातच म्हणाली. “अरे, हे घर नाही घेतलंस तर मी तुझ्याकडे पुन्हा जेवायला यायची नाही.”

“मग तर विचार करायला हवा,” विणकर म्हणाला, आणि सगळे हसले.

रखमाजीही हसला, पण त्याचा एक डोळा वर होता.

विणकराने भिंती पाहिल्या, गोठा पाहिला, कणगीत डोकावून मान डोलावली. त्याची बायको मुलीला नणंदेकडे देऊन सगुणेजवळ चुलीपाशी जाऊन बसली. सारे काही मनासारखे चालले होते. रखमाजीने सुटकेचा श्वास घेतला आणि म्हणाला, “ताई, पाळणा ओसरीवर बांधा. कडी तयार आहे. वाराही छान येतो.”

“ओसरीवर?” आत्या माजघराच्या मध्ये उभी राहून वर पाहत होती. “काका, इतकी सुंदर तुळई सोडून मी माझ्या भाचीला उंबऱ्याबाहेर निजवू? तुम्ही तर आम्ही येण्याआधीच माळा बांधून ठेवल्यात! जणू पाळण्यासाठीच सजवली आहे.”

जी तुळई कोणी पाहू नये म्हणून रखमाजीने सजवली होती, तिच्यावरच सर्वांचे डोळे खिळले होते.

“तिथे... तिथे उकडतं,” तो कसाबसा म्हणाला.

“माळांचा गारवा आहे की!” आत्या म्हणाली. तिने दोर वर फेकला, मोगऱ्याच्या दोन माळांमधून ओढून घेतला आणि गाठ मारली. पाळणा लोंबू लागला. वरून अगदी बारीक आवाज झाला. तो फक्त रखमाजीने ऐकला.

आत्याने मुलीला पाळण्यात ठेवले आणि दोरी रखमाजीच्या हातात दिली.

“काका, पहिला झोका तुमचा.”

दोरी हलकी होती, पण रखमाजीला ती ओढवेना. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला. मुलगी वरच्या फुलांकडे पाहत पाय झाडत होती. तिच्या प्रत्येक हालचालीबरोबर पाळणा किंचित हलत होता, आणि दर वेळी रखमाजीची नजर तुळईकडे जात होती. हलकेच एक झोका द्यावा, मूल निजेल, लगेच उचलतील, सौदा होईल, असे त्याचे भय त्याला सांगत होते. आणि मग? मग हे लोक येथे राहतील. पाळणा रोज येथेच राहील. बाहेर पाऊस पडत असेल.

एवढ्यात मातीचा एक लाल खडा वरून सुटला आणि मुलीच्या दुपट्यावर पडला.

रखमाजीने डोळे मिटले. आता सारे उघड होणार, असे त्याला वाटले.

पण आत्याने तो खडा बोटाने उडवला. “नवा रंग आहे, झडायचाच,” ती म्हणाली. “काका, चला ना! आमची सोनी वाट बघतेय.”

त्याचे खोटे आता दुसऱ्याच्या तोंडून बोलू लागले होते. ते ऐकल्यावर रखमाजीला सहन झाले नाही.

“मुलीला काढा,” तो म्हणाला.

“काय?”

“आधी मुलीला काढा. ही तुळई पोकळ आहे. वाळवीने खाल्ली आहे. मी माती भरून रंगवली.”

रखमाजीला वाटले, आता आत्या झडप घालून मूल उचलेल. पण आत्या कमरेवर हात ठेवून हसली.

“अरे, ऐकलंस? जास्त देणारं गिऱ्हाईक आलं वाटतं!”

“तसं नव्हे, ताई. देवाशपथ...”

“देवाला कशाला मध्ये घेता? भरली कणगी, दारात सवत्स गाय, पितळेनं फळी वाकलेली. अशा घराची तुळई पोकळ असते होय? सरळ सांगा, आम्हांला द्यायचं नाही. पण भरल्या पाळण्यातून मूल उठवायला सांगता? केवढा अपशकुन!”

विणकराचा चेहराही कठोर झाला होता. “काका, विकायचं म्हणून तुम्हीच घर दाखवलंत. वयाला हे शोभत नाही. ताई, तूच दे झोका.”

आत्याने दोरी रखमाजीच्या हातातून हिसकावून घेतली.

लहानथोरहो, आता रखमाजीला जे भय वाटले, ते खिळा रुतला त्या दिवशीही वाटले नव्हते. तो खरे बोलत होता, अगदी खरे. आणि त्याने स्वतःच्या हातांनी सजवलेले ते सारे घर त्याला खोटे पाडत होते. पितळ चमकत होते. तूप दरवळत होते.

सगुणा चुलीपासून धावत आली. “ते खरं बोलताहेत हो! पोरीला उचला!”

“बघा, आता दोघांनाही लोभ सुटेना,” आत्या म्हणाली, आणि तिने दोरीला हात घातला.

मग रखमाजीने आणखी शब्द वाया घालवले नाहीत. त्याने कणगी लाथेने लवंडली. थोडा जोंधळा सांडला आणि त्यामागून भुसाच भुसा बाहेर आला. त्याने घंगाळ पालथे घातले आणि त्याच्यावर चढला. “हे घंगाळही माझं नाही,” तो ओरडला, “ती गायही माझी नाही!” त्याने माळा ओरबाडून काढल्या आणि तुळईत बोट खुपसले. बोट मुळापर्यंत आत गेले. बोटामागून ओली माती, आणि मातीमागून वाळवीचा लोट, पाळण्याच्या दोरावरून खाली उतरू लागला.

आत्याचे हसू जागच्या जागी गोठले. तिने मुलीला असे उचलले, की पाळणा उलटा झाला. विणकराने बायकोचा हात धरला. सगुणा सर्वांच्या पुढे होऊन दार उघडून उभी राहिली. सगळे अंगणात पोहोचले. रखमाजी घंगाळावरून उतरून उंबऱ्याकडे धावला, तोच तुळई मधोमध मोडली.

कौले कोसळण्याचा आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला. धूळ बसल्यावर लोकांनी रखमाजीला उंबऱ्याजवळून ओढून काढले. एक वासा त्याच्या उजव्या खांद्यावर पडला होता. तो खांदा पुढे बरा झाला, पण तो हात डोक्याच्या वर कधी गेला नाही. पाळण्याचे मात्र लाकूडही ओळखू येत नव्हते.

आत्या मुलीला छातीशी घट्ट धरून अंगणात बसली होती. ती म्हणाली, “काका, तुमचं कोणतं बोलणं खरं धरायचं, ते आम्हांला कळावं तरी कसं?”



घर गेले, विक्रीचा पैसा हाती आला नाही, आणि त्याबरोबर लेकीच्या गावी जाण्याचा बेतही गेला. रखमाजी आणि सगुणा मागच्या गोठ्यात राहू लागली. तेथली दगडी भिंत पक्की होती. तिच्या फटीत पालीची अंडी होती आणि पावसाळ्यात त्यांतून पिल्ले बाहेर आली. विणकराने त्याच गावात, खालच्या आळीत, दुसरे घर पाहिले. पाळणा बांधण्यापूर्वी आत्याने हट्ट धरला, की त्या घराची तुळई आधी रखमाजीकाकांनी पाहावी. रखमाजी गेला. त्याने डाव्या हाताने खिळा दाबून पाहिला, तो रुतला नाही, तेव्हा तो “बांधा” म्हणाला. एवढेच बोलून तो परत आला.

तेव्हापासून त्या गावात विकायच्या घराची तुळई कोणी रंगवीत नाही आणि तिच्यावर माळा सोडीत नाही. विकणारा घेणाऱ्याच्या देखत तिच्यावर खिळा दाबून दाखवतो. पाळणा त्यानंतर चढतो.

बोध हाच, की जो दोषावर रंग चढवतो, त्याचे खरे बोलणेही संकटाच्या वेळी कोणी खरे मानत नाही.